पोराच्या डोळ्यांतून युद्ध: असा सिनेमा पाहिल्यावर समीक्षा कशी वाचावी, कशी लिहावी

'कम अँड सी' संपला, दिवे लागले. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वीसेक माणसं होती आणि कुणीच बोलेना. खुर्ची सरकवल्याचाही आवाज नाही. शेवटी एक निवृत्त गुरुजी उठले आणि म्हणाले, "असा सिनेमा मी जन्मात पाहिला नाही." त्यांच्या मागे चपला शोधत असलेल्या एक काकू म्हणाल्या, "मीही नाही. आणि परत पाहायचीही नाही. पोराचे एवढे हाल दाखवून मिळवलं काय?" तिथून जी जुंपली, ती वॉचमनने किल्ल्या वाजवेपर्यंत थांबली नाही.

पुढच्या आठवड्यात मी या सिनेमावरची जुनी-नवी परीक्षणं काढून वाचत बसले. बघते तर काय, अर्धे समीक्षक गुरुजींच्या बाजूचे आणि अर्धे काकूंच्या. युद्धपटाच्या मधोमध मूल आणून बसवलं की असे दोन तट पडतात. एक म्हणतो, युद्धाचा खरा चेहरा आता कुठे दिसला. दुसरा म्हणतो, हा तर आमच्या डोळ्यांतलं पाणी काढायचा सोपा मार्ग. दोघांचं ऐकून आपण गोंधळतो आणि शेवटी 'ज्याचं त्याचं मत' म्हणून विषय मिटवतो.

तसं मिटवू नये म्हणून हा लेख. फिल्म क्लब चालवणारे, सिनेमावर चार ओळी लिहू पाहणारे, असा एखादा सिनेमा घरातल्या मुलांना दाखवावा का या विचारात पडलेले आईवडील, अशा सगळ्यांसाठी. पद्धत माझी आहे, पाच-सहा वर्षं खेळ लावता लावता तयार झालेली. आधीच सांगते, उदाहरणं देताना काही सिनेमांचे शेवट फोडावे लागणार आहेत.

पहिली पायरी: आधी सिनेमा पाहा, मग अर्ध्या तासात तीन ओळी लिहा

परीक्षण आधी वाचलंत तर सिनेमाभर तुम्ही त्या समीक्षकाच्या मांडीवर बसून राहाल. म्हणून ट्रेलर नाही, तारे नाहीत, ओळखीच्या माणसाचं 'बघच' नाही. सिनेमा संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत तीन गोष्टी कागदावर उतरवा. दुसऱ्या दिवशी फक्त 'रडू आलं होतं' एवढंच आठवतं आणि त्यावर समीक्षा उभी राहत नाही.

एक: कॅमेरा मुलाच्या उंचीवर आला अशी एक चौकट. त्या उंचीवरून काय दिसलं आणि काय कापलं गेलं? 'जोजो रॅबिट' (२०१९) मध्ये आईचे बूट आपल्याला मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत पुन्हा पुन्हा दाखवले जातात. भिंतीवर चालताना, नाचताना. तेव्हा ती नुसती लडिवाळ खोडी वाटते. नंतर चौकात फाशी दिलेल्यांमध्ये तेच बूट त्याच उंचीवर लटकताना दिसतात आणि चेहरा दाखवायची गरजच उरत नाही. हे बूट ज्याने टिपले नाहीत, त्याने त्या सिनेमावर लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन: एक आवाज. 'कम अँड सी'मध्ये बॉम्ब पडल्यावर फ्लोराच्या, म्हणजे त्यातल्या मुख्य पोराच्या, कानात शिट्टी वाजायला लागते आणि मग बराच वेळ आपणही त्याच्या बधिर कानांनीच सिनेमा ऐकतो. 'मुलाचे डोळे' असं सगळे म्हणतात, पण पुष्कळदा खरं काम कान करतात.

तीन: तुम्हाला कळलेली, पण मुलाला न कळलेली एक गोष्ट. ही तिसरी ओळ सगळ्यांत कामाची. पुढची पायरी तिच्यावरच उभी आहे.

दुसरी पायरी: फट शोधा

मुलाला काय कळतं आणि आपल्याला काय कळतं, यांच्यामध्ये एक फट असते. अशा सिनेमाचा सगळा जीव या फटीत असतो. समीक्षकांची भांडणंही तिथेच होतात, फक्त ते तसं म्हणत नाहीत. ते 'संवेदनशील' म्हणतात, 'भावविवश' म्हणतात, 'असह्य' म्हणतात.

कागदावर उभी रेघ ओढा. डावीकडे 'त्याला', उजवीकडे 'आपल्याला'. पाच-सहा प्रसंग घ्या, जास्त नको.

'कम अँड सी'पासून सुरुवात करू. एलेम क्लिमोव्हचा हा सिनेमा १९८५ चा, घडतो १९४३ च्या जर्मनव्याप्त बेलारूसमध्ये. फ्लोरा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि आईच्या विनवण्या न ऐकता पार्टिझनांबरोबर, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या गनिमी टोळ्यांबरोबर, जंगलात जातो. काही दिवसांनी ग्लाशा नावाच्या मुलीबरोबर गावात परत येतो. घरात कुणी नाही. चुलीवरचं सूप अजून कोमट आहे, जमिनीवर बाहुल्या पडल्या आहेत, माश्या घोंघावताहेत. तो सूप खातो. मग त्याला वाटतं, घरचे बेटावर लपले असतील, आणि तो पळत सुटतो. मागून पळणारी ग्लाशा क्षणभर वळून बघते. घराच्या मागच्या भिंतीशी प्रेतांचा ढीग. तो वळत नाही. आता आपल्याला आणि ग्लाशाला माहीत आहे, त्याला नाही, आणि तो चिखलातून गळ्यापर्यंत बुडत आईकडे चालला आहे. ही फट क्लिमोव्ह काही मिनिटं उघडी ठेवतो आणि मग बंद करतो ती कायमची. त्यानंतर गावकऱ्यांना एका लाकडी इमारतीत कोंडून जाळतात तेव्हा फ्लोराला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. आपल्याकडे मोठेपणाचा कुठलाच आडोसा उरत नाही. काकूंना जे सहन झालं नाही ते हेच. आणि गुरुजींना जे थोर वाटलं तेही हेच.

तार्कोव्हस्कीच्या 'इव्हान्स चाइल्डहुड' (१९६२) मध्ये फट उलटी आहे. बारा वर्षांचा इव्हान शत्रूच्या ओळींमागे जाऊन टेहळणी करतो. युद्धाबद्दल त्याला आसपासच्या तरुण अधिकाऱ्यांपेक्षा जास्त कळतं. त्याला जे ठाऊक नाही ते बालपण, आणि ते फक्त स्वप्नांत येतं: विहीर, सफरचंदं, आई, समुद्रकाठ. इथे उजवा रकाना रिकामा पडायला लागला तर घाबरू नका. तेच उत्तर आहे.

जॉन बूरमनच्या 'होप अँड ग्लोरी' (१९८७) मध्ये तर फट चक्क मजेची आहे. लंडनवर बॉम्ब पडताहेत आणि पोरं ढिगाऱ्यात बॉम्बचे तुकडे गोळा करताहेत. शाळेवर बॉम्ब पडतो तेव्हा एक पोरगा आकाशाकडे बघून हिटलरचे आभार मानतो. आमच्याकडे हा प्रसंग लागला तेव्हा मागच्या रांगेतला माझा मामा खो खो हसला. १९७१ च्या डिसेंबरात तो मुंबईत चौथीत होता. खिडक्यांच्या काचांना ब्राऊन पेपर चिकटवणं, भोंगा वाजला की दिवे घालवून जिन्याखाली जाणं, ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी धमाल. आजी त्या रात्री काय विचार करत असेल हे त्याने पन्नास वर्षांत कधी विचारलं नव्हतं. सिनेमा संपल्यावर तो बराच वेळ गप्प होता. कुणाला हा सिनेमा 'युद्धाला हलक्यात घेणारा' वाटला, तर त्याच्याशी वाद घालण्याआधी एवढंच विचारा: पडद्यावरच्या मोठ्या माणसांचे चेहरे पाहिलेत का? बूरमनने फट बुजवलेली नाही. ती आपल्यावर सोडली आहे.

आता बिनसलेल्या फटीचं उदाहरण. 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पायजमाज' (२००८). छळछावणीच्या कमांडंटचा मुलगा कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी मैत्री करतो. कुंपण म्हणजे काय, पलीकडचे कपडे असे का, हे त्याला कळत नाही. ही फट एवढी सोयीस्कर आहे की ती सांभाळायला इतिहास वाकवावा लागतो. ऑशविट्झच्या नाझी छावणीत त्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना उतरल्या उतरल्याच मारलं जाई. विजेच्या तारांच्या आणि पहाऱ्याच्या कुंपणाशी बसून रोज गप्पा मारायची सोय नव्हती. आणि शेवटी प्रेक्षक रडतो तो कमांडंटच्या घरासाठी. माझ्या मते इथे मुलाचं अज्ञान मुलाचं राहत नाही, पटकथेचं होतं.

सगळे सिनेमे या चार खणांत बसणार नाहीत. बसवूही नका.

तिसरी पायरी: आठवण कुणाची, ते तपासा

ही पायरी छोटी, पण बरंच काही उलगडणारी. दिग्दर्शकाचं किंवा मूळ लेखकाचं जन्मसाल बघा. जे. जी. बॅलार्ड १९३०. लुई माल आणि तार्कोव्हस्की १९३२. बूरमन आणि क्लिमोव्ह दोघेही १९३३. जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता १९३५. म्हणजे युद्ध झालं तेव्हा हे सगळे शाळकरी वयाचे. एकट्या १९८७ सालात बूरमनचा 'होप अँड ग्लोरी', लुई मालचा 'ऑ रव्वार लेझ आँफाँ' आणि बॅलार्डच्या कादंबरीवरचा स्पीलबर्गचा 'एम्पायर ऑफ द सन' आले. ही योगायोगाची रांग नाही. पोरं पन्नाशीला आली होती.

क्लिमोव्ह आणि बूरमन एकाच वर्षी जन्मले हे लक्षात आलं की दोघांच्या सिनेमांतली तफावत वेगळीच दिसते. बूरमन लंडनच्या उपनगरातला. क्लिमोव्ह स्टालिनग्राडचा, आई आणि तान्ह्या भावाबरोबर जळत्या शहरातून व्होल्गा पार केलेला. एकाला युद्धाने सुट्टी दिली, दुसऱ्याला दिली नाही.

पण 'हे त्याच्या बाबतीत खरंच घडलं' एवढ्यावर सिनेमाला गुण देऊ नका. समीक्षकांची ही आवडती पळवाट आहे. बॅलार्ड शांघायजवळच्या लुंगहुआ या जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत होता हे खरं, पण आईवडील त्याच्याबरोबरच होते. कादंबरीत आणि सिनेमात मुलगा एकटा पडतो. आठवणीची अशी मोडतोड लेखक का करतो, हा प्रश्न 'खरं की खोटं'पेक्षा चर्चेला जास्त खाद्य देतो.

जाता जाता एक: दुसऱ्या महायुद्धातली मुलं आपल्यापासून वाटतात तेवढी लांब नव्हती. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. त्या भागात असा खेळ लावलात तर आधी दोन मिनिटं हे सांगा. हॉलमधली हवा बदलते.

चौथी पायरी: परीक्षणं गोळा करा, पण तारे मोजू नका

आता वाचायला हरकत नाही. पाच-सहा परीक्षणं पुरेत, पण ती एकाच घडणीची नकोत. एक प्रदर्शनाच्या वेळचं, एक वीस-तीस वर्षांनंतरचं, एक त्या देशातलं, एक इतिहासाच्या अभ्यासकाचं, आणि मिळालं तर त्या घटनेची झळ ज्यांच्या घराला लागली त्यांच्यापैकी कुणाचं तरी. प्रत्येकाच्या समासात एकच प्रश्न लिहा: याचा आक्षेप किंवा कौतुक फटीबद्दल आहे का? असेल तर काय?

असं करता करता दिसतं की आक्षेप फिरून फिरून चारच आहेत. युद्ध सुंदर केलं. प्रेक्षकाचा छळ केला. इतिहास बिघडवला. रडवून घेतलं. हे चारही वेगवेगळे आहेत आणि एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. लेखांमध्ये मात्र त्यांची सरमिसळ झालेली असते. ती सोडवणं हे आपलं काम.

'इव्हान्स चाइल्डहुड'चं प्रकरण यासाठी नमुनेदार आहे. १९६२ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला गोल्डन लायन हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, एका इटालियन सिनेमाबरोबर विभागून. इटलीतल्या डाव्या समीक्षकांना मात्र तो पसंत पडला नाही. ही स्वप्नं, ही कविता म्हणजे पाश्चात्त्य मध्यमवर्गी चाळे, असा एकंदर सूर. त्यावर खुद्द फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रने कम्युनिस्ट पक्षाच्या 'ल'उनिता' या दैनिकाच्या संपादकाला पत्र लिहिलं, ते १९६३ मध्ये छापून आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: युद्धाने इव्हानला असं करून ठेवलं आहे की त्याच्यासाठी जाग आणि दुःस्वप्न यांत फरकच उरलेला नाही. तो एकाच वेळी भयंकरही आहे आणि सगळ्यांत निष्पाप बळीही. म्हणून स्वप्नं ही वरून लावलेली नक्षी नाही, तेच त्याचं वास्तव. बघा, टीका होती शैलीवर. सार्त्रने उत्तर दिलं ते मुलाच्या जाणिवेवरून. फट दाखवून दिली आणि वादाची जागाच बदलली. चांगला बचाव असा असतो.

'लाइफ इज ब्युटिफुल' (१९९७) ची गोष्ट जास्त अवघड. फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री, नंतर तीन ऑस्कर, जगभर गर्दी. आणि त्याच वेळी काही ज्येष्ठ समीक्षक संतापलेले, की छळछावणी म्हणजे एक खेळच आहे असं नाटक करून बापाने पोराला फसवलं आणि दिग्दर्शकाने आपल्याला. इथे एक बारकावा सुटतो. हा सिनेमा मुलाच्या नजरेतून आहे असं सर्रास लिहिलं जातं, पण मुलाच्या नजरेतला सिनेमा त्याच्या आत लपलेला आहे आणि तो बाप रचतो आहे. आपण बघतो ते बापाला रचताना. सांगणारा आवाज मोठ्या झालेल्या मुलाचा आहे. तेव्हा 'छावणी अशी नव्हती' हा आक्षेप बापाच्या खेळाला लावायचा की सिनेमाला? मला विचाराल तर बापाचा खेळ पटतो, पण त्याच्याभोवतीची छावणीही सिनेमाने फार धूसर ठेवली आहे, आणि तिथे टीकाकारांचा मुद्दा धरतो. तुमचं मत उलट असू शकेल. फक्त कशाबद्दल आहे ते नेमकं सांगा.

इतिहासाच्या अभ्यासकांचं म्हणणं समीक्षेच्या तराजूत टाकून हलकं करू नका. 'स्ट्राइप्ड पायजमाज'च्या मूळ कादंबरीबद्दल ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयाने २०२० मध्ये जाहीरपणे म्हटलं, की ज्यांना हा इतिहास शिकायचा वा शिकवायचा आहे त्यांनी हे पुस्तक टाळावं. 'अहो, ती बोधकथा आहे' हे उत्तर त्यावर पुरत नाही, कारण शाळाशाळांत ते इतिहास म्हणूनच वाचलं जातं. सिनेमा म्हणून कसा आहे आणि तो पाहून मुलं काय धडा घेऊन जातात, हे दोन प्रश्न. दोन परिच्छेद करा.

आणि 'कम अँड सी'? सोव्हिएत सरकारी खात्याच्या परवानगीसाठी क्लिमोव्हला आठेक वर्षं थांबावं लागलं. नंतर त्याच सिनेमाला १९८५ च्या मॉस्को महोत्सवात मुख्य पारितोषिक मिळालं. १९८७ मध्ये अमेरिकेत लागल्यावर 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षकाने ताकद मान्य केली, पण शेवट झटपट प्रेरणा देणारा म्हणून नापसंत केला. तो शेवट असा: फ्लोरा हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडत जातो, प्रत्येक गोळीबरोबर इतिहासाची चित्रफीत उलटी धावते, आणि आईच्या मांडीवरचं बाळ समोर येतं तेव्हा तो थांबतो. मला हा आक्षेप चुकलेला वाटतो. फ्लोराने तिथवर जे पाहिलं त्यानंतर बंदूक खाली घेणं यात प्रेरणा कुठली? पण तो आक्षेप वाचल्यामुळेच मी शेवट तिसऱ्यांदा पाहिला. न पटणारं परीक्षण जपून ठेवा ते याचसाठी.

आकड्यांकडे कसं बघायचं

'जोजो रॅबिट' हा नामी नमुना. टोरांटोच्या महोत्सवात प्रेक्षकांनी त्याला पहिली पसंती दिली, पुढे आधारित पटकथेचं ऑस्कर मिळालं. परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळांपैकी रॉटन टोमॅटोजवर त्याला ८० टक्क्यांच्या आसपास आणि मेटाक्रिटिकवर ६० च्या खाली. कुठलं खरं? दोन्ही. पहिला आकडा सांगतो की शंभरातल्या किती समीक्षकांना सिनेमा निदान बरा वाटला. दुसरा सांगतो की सरासरीने किती आवडला. 'ठीक आहे' म्हणणारे भरपूर असले की पहिला फुगतो. दोघांत असं अंतर दिसलं की समजावं, मधली 'ठीक आहे'वाली गर्दी मोठी आहे, आणि तिच्यात वेळ न घालवता थेट सगळ्यांत चिडलेलं आणि सगळ्यांत खूश झालेलं परीक्षण वाचावं. एवढंच. आकड्यांचं काम तिथे संपतं.

दिग्दर्शक स्वतः काय म्हणतो, त्याचं काय करायचं

ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) जगभर युद्धविरोधी सिनेमा म्हणून गाजला. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने २००० मध्ये त्याला आपल्या थोर सिनेमांच्या मालिकेत घेतलं आणि सर्वश्रेष्ठ युद्धपटांच्या यादीत त्याची जागा सांगितली. ताकाहाता मात्र म्हणत राहिला, हा युद्धविरोधी सिनेमा नाही. आता?

त्याचं म्हणणं मान्य करायची सक्ती नाही, पण ते हाताशी धरून सिनेमा पुन्हा बघा. सेइता चौदा वर्षांचा, सेत्सुको चार. पहिल्याच वाक्यात सेइता आपण कोणत्या रात्री मेलो ते सांगतो, म्हणजे शेवट लपवलेलाच नाही. कोबेवर अग्निबॉम्ब पडतात, आई जाते, मामीचं घर टोचायला लागतं, आणि सेइता बहिणीला घेऊन बाहेर पडतो. जगाशी संबंध तोडून दोघांचंच घर मांडायचं हा त्याचा हट्ट. ताकाहाताला दाखवायचं होतं ते हे, असं धरून पाहिलं की मामी तेवढी दुष्ट उरत नाही आणि सेइता तेवढा निर्दोष राहत नाही. आपण सेत्सुकोच्या भुकेकडे बघत असतो तेव्हा सिनेमा सेइताच्या अभिमानाकडे बघत असतो. मूळ कथा लिहिणाऱ्या अकियुकी नोसाकाची धाकटी बहीण खरोखरच उपासमारीने गेली होती आणि तो अपराध त्याने आयुष्यभर वाहिला, हे कळलं की ताकाहाताचा आग्रह आणखी समजतो.

एक आक्षेप तरीही उभा राहतो: जपानी मुलांचे हाल दिसतात, पण त्या मुलांचा बाप ज्या आरमारात आहे ते कुणावर चालून गेलं होतं हे दिसत नाही. हा आक्षेप उडवून लावू नका. मुलाच्या नजरेची ही नेहमीचीच अडचण. चार वर्षांच्या पोरीला साम्राज्य दिसत नाही, आणि ते न दिसण्याचा फायदा मोठ्यांनाही मिळतो.

पडद्यामागचं पोर

समीक्षेत हल्ली हा मुद्दा येतो आणि यायलाच हवा. फ्लोरा झालेला अलेक्सेई क्रावचेंको तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होता, आधी कधी अभिनय न केलेला. चित्रीकरण क्रमाने, महिनोन्‌महिने चाललं, आणि काही दृश्यांत खऱ्या गोळ्या वापरल्याचं सांगितलं जातं. बहमन घोबादीच्या 'टर्टल्स कॅन फ्लाय' (२००४) मधली मुलं तर कुर्दिस्तानातलीच, युद्धाने पोळलेली. लिहिताना सावध राहा, कारण या विषयावर दंतकथा फार. 'पोराचे केस खरंच पांढरे झाले' हे वाक्य इंटरनेटवर हजार ठिकाणी सापडेल. कलाकाराच्या किंवा दिग्दर्शकाच्या मुलाखतीत मिळत नसेल तर सोडून द्या.

आता तुमचं परीक्षण

पहिल्या वाक्यात सिनेमा 'निरागस नजरेतून युद्धाची भीषणता' दाखवतो असं लिहू नका. हे वाक्य वरच्या प्रत्येक सिनेमाला चालतं, म्हणजे ते कुठल्याच सिनेमाचं नाही. 'हृदयद्रावक', 'अंगावर काटा', 'सुन्न करणारा', 'बालमन' हे शब्द मी आमच्या गटात सहा महिने बंद करून टाकले होते. सुरुवातीला लोकांना लिहिताच येईना. मग हळूहळू बूट, माश्या, फळांच्या गोळ्यांचा डबा असं काय काय यायला लागलं.

हे बघा. एका सभासदाचा 'फायरफ्लाइज'वरचा पहिला खर्डा: 'आईच्या मृत्यूनंतर चिमुकल्या बहिणीला सांभाळणाऱ्या भावाची ही कहाणी पाषाणालाही पाझर फोडते.' दुसरा: 'आई गेली हे सेइता बहिणीला सांगत नाही. ती काजव्यांना पुरायला खड्डा खणते तेव्हा कळतं, तिला कधीचंच माहीत आहे.' दुसऱ्या खर्ड्यात एकही विशेषण नाही, आणि फट आपोआप आली आहे.

क्रम मी असा ठेवते. आधी तुमच्या तीन ओळींतला एक प्रसंग. मग फट कशी आहे ते. मग इतरांचा एक आक्षेप, प्रामाणिकपणे, त्याच्या ताकदीसकट. मग तुमचं उत्तर, नाहीतर 'इथे मला उत्तर सापडत नाही' हे सरळ सांगून टाका. कथानक चार ओळींच्या वर नको. पुरस्कार शेवटी, राहिले तर राहू द्या.

आणि आपल्या परिसरातलं उदाहरण असेल तर आणा, पण ओढून नको. दीपा मेहतांच्या '१९४७ अर्थ'मधली लाहोरची लेनी, मणिरत्नमच्या 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल' (२००२) मधली आईच्या शोधात श्रीलंकेला निघालेली अमुदा, तारेक मसूदच्या 'माटिर मोयना' (२००२) मधला १९७१ च्या आधीच्या पूर्व पाकिस्तानातल्या मदरशातला अनू. तिघांच्याही फटी तपासण्याजोग्या आहेत. लेनीच्या गोष्टीत फाळणीचा घाव तिच्या स्वतःच्या तोंडून निसटलेल्या एका वाक्यातून होतो. मुलाचं न कळणं एवढं महाग पडलेलं मी फार थोड्या सिनेमांत पाहिलं आहे.

खेळ लावणार असाल तर

'फायरफ्लाइज' कार्टून आहे म्हणून लहान मुलांना घेऊन येणारे पालक दर वेळी असतात. १९८८ च्या एप्रिलमध्ये जपानात तो 'माय नेबर तोतोरो' या लहान मुलांच्या सिनेमाच्या जोडीने, एकाच तिकिटात दाखवला होता, तेव्हा हा घोळ आपल्याकडचाच नाही. फलकावर ठळक लिहा: चित्रं हलती असली तरी हा मुलांचा सिनेमा नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी 'होप अँड ग्लोरी' किंवा 'जोजो' बरा, तोही मोठं माणूस शेजारी बसलं तर. 'कम अँड सी' कॉलेजच्या वयाआधी मी दाखवत नाही, आणि मोठ्यांनाही आधी सांगते की मध्येच उठून गेलात तर कुणी वाईट मानणार नाही.

संपल्यावर लगेच दिवे लावू नका. श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या. 'कम अँड सी'च्या अखेरीस पडद्यावर येतं की बेलारूसमध्ये ६२८ खेडी माणसांसकट जाळली गेली, आणि आमच्या एका उत्साही ऑपरेटरने नेमका तेव्हाच प्रोजेक्टर बंद केला होता. त्यांतलं खातिन हे एक. २२ मार्च १९४३ ला तिथे १४९ माणसं मारली, त्यात ७५ मुलं. पाटी लोकांना वाचू द्या.

मग पहिला प्रश्न 'कसा वाटला?' असा नको. विचारा, 'मुलाला न कळलेली कोणती गोष्ट तुम्हाला कळली?' आणि उत्तरासाठी आधी त्यांच्याकडे वळा, ज्यांना सिनेमा आवडला नाही. चपला शोधणाऱ्या काकू आता दर महिन्याला येतात. पुढच्या रांगेत बसतात, वही घेऊन.